नऊशे फूट तार

बुधाजीच्या विहिरीवर मोटार बसली त्या दिवशी आमचं गाव झाडून पाहायला गेलं. ज्यांनी त्याच्या हातचं पाणी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं तेही गेले. विजेनं उपसलेलं पाणी कोणाच्या हातचं धरायचं, याचा निकाल अजून लागायचा होता.

गाव चांदूर बाजारापासून दोन कोसांवर. रस्त्याच्या कडेनं वीज आली ती त्याच दिवाळीनंतर, आणि रस्त्यावरून ती आत वावरात न्यायची हिंमत पहिल्यांदा बुधाजीनं केली. त्याचा बगीचा म्हणजे तीन एकरांची चिंचोळी पट्टी. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला नाला, मधे नऊशे फूट. रस्त्याच्या टोकाला मीटरची खोली, नाल्याच्या टोकाला विहीर, आणि मधे संत्र्याची तीनशे झाडं. धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी लावलेली. यंदा त्यांचा पहिला बहार धरायचा होता.

आंबे बहाराची रीत तशी निर्दयच. दिवाळी सरली की झाडाचं पाणी तोडायचं. दोन महिने थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, खाली सडा पडतो. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही. मग एका दिवशी आळ्यात पाणी सोडायचं, की जिवावर बेतलेलं झाड घाईघाईनं फुलावर येतं. याला ताण देणं म्हणतात. ताण तोडायचा दिवस चुकला, चार-आठ दिवस जास्त गेले, तर फुलं राहतात बाजूला आणि फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात. माणसाचंही तसंच असतं, पण माणसाचं कोणी ध्यानात घेत नाही.

बुधाजीनं ताण तोडायचा आणि मोटार सुरू करायचा एकच दिवस धरला होता. बैलजोडी विकूनच मोटार आली होती, तेव्हा दुसरा दिवस धरून करायचं काय?

तार मात्र त्यानं विकत घेतली नव्हती. तार त्याची स्वतःची होती. तीस वर्षं तो रेल्वेच्या तारेच्या गँगमध्ये होता. बडनेऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत एक खांब असा नव्हता, ज्याच्यावर बुधाजी चढला नाही. नोकरी सुटली तेव्हा लिलावात निघालेली जुनी लोखंडी तार त्यानं गाडीभर आणली. तीनपदरी कुंपण केलं आणि वर उरलेली वेटोळी घरात टांगून ठेवली. तीच आता सागाच्या खांबांवर, चिनी मातीच्या कपांवरून विहिरीपर्यंत गेली होती. एक जाणारी, एक येणारी. त्यात घरातली सगळी वेटोळी संपली.

"दुकानातली तार कायले पायजे?" तो म्हणायचा. "या तारेवरून मुंबईची खबर कलकत्त्याले जाते. कोनाचा बाप मेला, कोनाले पोरगा झाला, कापसाचा भाव काय फुटला, समदं याच तारेनं गेलं. तिले नऊशे फूट वीज नेता येत नाई का?"

देवीदास वायरमननं आधी विहिरीवरच्या खोपटात शंभराचा दिवा लावून दाखवला. दिवा लख्ख लागला. दिवसाउजेडीसुद्धा लोकांनी डोळ्यांवर हात धरले. बुधाजीनं सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू दिवा त्याच्याच पोटातून निघाला होता. मग देवीदासनं मोटारीचं बटण खाली ओढलं.

मोटार म्हणाली, हूंऽऽ.

आणि हूंच म्हणत राहिली. पंखा फिरेना, पट्टा हलेना, पाइपातून थेंब नाही. हाताला चटका बसेल इतकी ती तापली तेव्हा देवीदासनं बटण वर केलं. पुन्हा खाली, पुन्हा हूं. चार वेळा झालं. लोकांनी गूळ-खोबरं खाऊन घेतलं होतं. आता थांबावं की जावं ते त्यांना कळेना.

शेजारच्या बगीच्याचा रामराव पाटील विहिरीच्या काठावरून वाकून पाहत म्हणाला, "बुधाजी, तुह्या इहिरीत भुंगा अडकला का रे?"

लोक हसले. हसत हसतच पांगले. बुधाजीचा मुलगा मोतीराम पाइप धरून उभा होता तो तसाच उभा राहिला. पाइप सोडायचंही त्याला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात त्या विहिरीचं नाव भुंग्याची विहीर पडलं.

देवीदासनं जाताना निदान केलं. "दिवा लागते म्हंजे तार बराबर हाये, बुधाजी. मोटारच खराब दिसते."

"तार बराबरच हाये," बुधाजी म्हणाला. तेवढाच त्याला आधार.

दुसऱ्या दिवशी मोतीरामनं गुडघाभर उंचीची ती जड मोटार गाडीत घालून चांदूर बाजारला गयासुद्दीनकडे नेली. गयासुद्दीन मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचा. बोटांची टोकं लाखेनं काळी, कानाला विडी. त्यानं मोटार फरशीवर ठेवली, दोन तारा जोडल्या, बटण दाबलं. मोटार अशी सुटली की फरशीवर नाचायला लागली.

"ये क्या बीमार है?" गयासुद्दीन म्हणाला. "भाऊ, ही तं दुल्हनसारखी नाचून राह्यली. घेऊन जा."

मोतीराम घेऊन आला. बसवली. हूंऽऽ.

पुन्हा नेली, पुन्हा नाचली. पुन्हा आणली, पुन्हा हूं. मोट सुटली की गाडी दरवेळी रामरावाची मागायची, आणि दरवेळी रामराव विचारायचा, "काय म्हंते भुंगा?" माहेरी हसणारी आणि सासरी मुकी होणारी पोरगी जशी, तशी ती मोटार. गावातल्या बायांनी तेही म्हणून घेतलं. तिसऱ्या दिवशी बुधाजीची बायको केशरबाई मोटारीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून आली. नवरा आता देवदेवस्की मानत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तो बांधावर गेलेला पाहूनच उतरवल्या.

इकडे झाडं वाळत होती. पोहऱ्यानं ओढून तीनशे आळी भरणं शक्य नव्हतं. मोतीराम आणि त्याची बायको सुंदरा यांनी एक दिवस पहाटेपासून ओढून पाहिलं. दोघांच्या हातांची सालटी निघाली आणि झाडं झाली एकोणीस. बैल मागावे तर हंगाम असा, की ज्याची त्याची जोडी ज्याच्या त्याच्या मोटेला. साऱ्या शिवारात एकाच आठवड्यात ताण तुटतो. चारी बाजूंनी मोटांचं कुरकुरणं ऐकू यायचं, पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज यायचा, आणि मधल्या तीन एकरांत पानं वळून सुरळ्या झाली होती. दुपारी वारा पडला की एकेक पान आपोआप गळायचं. त्याचाही आवाज यायचा.

बुधाजी त्या वेळी खांबाला कान लावून बसायचा. लोखंडी तारेतून वारा गेला की खांब आतून गुणगुणतो. गँगमध्ये असताना तो असाच दुपारी खांबाला टेकून डोळे मिटायचा आणि खबरा जाताना ऐकायचा. आता ऐकण्यासारखं काही नव्हतं. तरी तो ऐकायचा. चौथ्या दिवशी त्यानं मोतीरामला सांगितलं, "अजून पाच-सहा दिवस धरतीन झाडं. मंग सरपन."

सुंदरा या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेली. आमच्या गावात मॅट्रिक सून म्हणजे तेव्हा घरात ठेवलेली पितळी समई. पाहायला येतात, लावत कोणी नाही. त्यात तिचा स्वभाव तंद्रीचा. भाकर तव्यावर टाकून ती खिडकीतून पाहत राहायची आणि भाकर करपायची. केशरबाई म्हणायची, "तुमच्या बोर्डिंगात भाकरी आपल्या आपन उलटत होत्या का वं?" पण जेवताना करपलेला पापुद्रा स्वतःच्याच पानात घ्यायची. सासू म्हणून ती काही वाईट नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी सुंदरा जेवण घेऊन विहिरीवर गेली. खोपटात दिवा तसाच लटकत होता, लागलेला. बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोतीराम रागारागानं मोटारीचं बटण खाली-वर करत होता. टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती दारात उभी राहिली आणि दिव्याकडे पाहायला लागली. मोटार हूं म्हणाली की दिवा लाल व्हायचा, विझत्या निखाऱ्यासारखा, आतली तार मोजता येईल इतका. मोटार गप्प झाली की पुन्हा पांढरा.

"आनखी एकदा करा बरं," ती म्हणाली.

"काय करू? डोकं?"

"बटन. मी पळत मीटरच्या खोलीत जातो. पोचली का हात हालवतो. तवा दाबा."

डोक्यावरची टोपली तिनं बांधावर ठेवली आणि नऊशे फूट ती झाडांतून धावत गेली. पायाखाली वाळकी पानं चुरत होती. मीटरच्या खोलीतही एक दिवा होता. तिनं दारातून हात हलवला, आत वळून पाहिलं. दिवा पांढराच होता. दूर विहिरीवरून मोटारीचं हूं इतकं बारीक ऐकू येत होतं की खरंच भुंगा वाटावा. दिवा तसूभर ढळला नाही.

ती उंबऱ्यावर बसली. इथे उजेड सगळा आहे, तिथे निम्माही नाही. मधे नऊशे फूट तार. उजेड वाटेत कुठे राहिला? तिच्या डोळ्यांसमोर बोर्डिंगातला फळा आला, खडूची धूळ, पांढऱ्या पातळातल्या बाई. दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. परीक्षेत तिनं ही दोन्ही उदाहरणं सोडवली होती आणि दहापैकी दहा मिळवले होते. त्या उदाहरणांत तार कुठली, मोटार कुठली, कोणाचं झाड वाळतं, हे काहीच दिलेलं नसायचं. तिला एकदम रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मोतीरामच्या सायकलवर मागे बसून गयासुद्दीनच्या दुकानात गेली. तिचं बोलणं गयासुद्दीननं विडी विझेपर्यंत ऐकलं. मग उठून त्यानं फळीवरून दोन घड्याळं काढली, काट्यांची, फडक्यात गुंडाळलेली. एक दाब मोजायचं, एक प्रवाह.

"बेटी, मले लिहिता-वाचता येत नाई. काटा पाहतो, कानानं ऐकतो," तो म्हणाला. "ही सोबत जोडायची, अना ही आडवी. देवीदास जोडून देईन. पर एक बात सुन. रुकी हुई मोटर बहुत करंट खाती है. दस तक गिनना, फिर बंद. ग्यारह गिना तो मेरे पास रोते हुए आओगे."

"मोटार उठाले किती दाब पायजे, चाचा?"

त्यानं डोळे बारीक केले. "आमच्या इथं कवाकवा लाइन कमजोर रायते. डेढसौ के ऊपर मिला तो ये मोटर उठती है. उसके नीचे नहीं."

दुपारी देवीदासनं घड्याळं जोडली. त्याचा चेहरा आंबट होता. मॅट्रिक बाईनं वायरमनला कामाला लावावं हे त्याला रुचलेलं नव्हतं. मीटरच्या खोलीत आधीच मोजून झालं होतं, दोनशे तीस. आता विहिरीवर मोतीरामनं बटण ओढलं आणि केशरबाई मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. सुंदरा काट्यांवर वाकली होती. दहाला मोटार बंद.

"एकशे दहा," ती म्हणाली. "अना वीस."

मोटार ज्या खोक्यातून आली होती त्याच्या फळीवर तिनं कोळशानं मांडलं. दोनशे तीसमधून एकशे दहा गेले, एकशे वीस उरले. एकशे वीस व्होल्ट तारेतच पडले. भागिले वीस अँपियर. सहा. तारेचा रोध सहा ओहम. एकशे वीस गुणिले वीस, दोन हजार चारशे वॉट तारेत. एकशे दहा गुणिले वीस, दोन हजार दोनशे मोटारीत.

तिनं पुन्हा एकदा केलं. तेच आलं. उत्तर बरोबर आल्याचा आनंद तिला किती दिवसांनी झाला होता. पण ते सासऱ्याला सांगायचं होतं.

बुधाजी नाल्याकडच्या खांबाखाली बसला होता. फळी घेऊन ती त्याच्यापुढे गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामाजी, मोटार चांगली हाये."

"मंग?"

"तार पिऊन राह्यली."

बुधाजीनं तिच्याकडे पाहिलं. नंतर वर तारेकडे. "तार काय पिते? दिवा लागते का नाई? देवीदासनं समद्यायपुढं लावला."

"दिव्याले थोडीशी वीज लागते. अर्धा अँपियरबी नाई. तेवढी नेताना तार दोन-तीन व्होल्ट खाते, ते कोनाले समजत नाई. मोटारीले वीस लागते. वीस नेताना एकशे वीस खाते." ती फळीवर बोट ठेवून सांगत होती. "जेवढी जास्त न्यायची तेवढं जास्त खाते, मामाजी. शंभरातले बावन्न तारेतच जाते. लोखंड हाये ना थे. तांबं असतं तं एवढं नसतं खाल्लं."

"अवं, या तारेनं कलकत्त्याले खबर जाते!"

"खबरीले लय थोडी वीज पुरते. खबर हलकी रायते."

हे शेवटचं तिनं का म्हटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं ज्या तारेखाली बुधाजीनं भाकरी खाल्ली, जिच्यासाठी भर पावसात खांबावर चढला, तीच तार चोर निघाली होती, आणि तेही कालच्या सुनेनं फळीवर कोळशानं लिहून दाखवलं होतं. त्याचे ओठ हलले. आता तो आपल्याला काही बोलेल असं सुंदराला वाटलं. पण म्हाताऱ्यानं फळी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला,

"म्हंजे लांब दांड हाये. इहिरीचं पानी शेवटच्या वाफ्यावर जाईलोक दांडच पिऊन टाकते, तसं."

"हो. तसंच."

"दांडाले काय दोष देतं? माती पानी पिनारच." त्यानं फळी तिला परत दिली. "मंग आता?"

"तांब्याची तार आनली तं होईन. नाई तं अशीच, पन जाड. तिप्पट जाड असली का रोध तिसरा हिस्सा. सहाचे दोन."

तांब्याची तार चांदूर बाजारात नव्हती. अमरावतीला परवाना लागतो आणि महिना लागतो, असं देवीदासनं सांगितलं. झाडांकडे चार दिवस होते. मोतीराम डोकं धरून बसला. बुधाजी मात्र उठून कुंपणाकडे चालायला लागला. कुंपणाच्या तारेवर हात फिरवत तो बराच लांब गेला, तसाच परत आला.

"जाड म्हंजे काय?" त्यानं सुनेला विचारलं. "अंबाडीच्या तीन बारीक दोऱ्या एकत्र केल्या का जाड दोर होते. तीन तारा संगं संगं ओढल्या, तिपेडी केली, तं तुह्या पुस्तकात चालते का?"

सुंदरा त्याच्याकडे पाहतच राहिली. "चालते, मामाजी."

"जाताना दोन जास्तीच्या, येताना दोन जास्तीच्या. चार नवं छत्तीसशे फूट. कुंपनाच्या दोन्ही लांब बाजूंवर तीन-तीन तारा हायेत. दोन-दोन काढल्या का तेवढंच भरते." तो थांबला. "पन कुंपन जाईन."

कुंपण जाईल याचा अर्थ सगळ्यांना कळला. आमच्याकडे बुधाजीच्या आधी त्याच्या वस्तीतल्या कोणाच्या वावराला कुंपण नव्हतं, कारण वावरच नव्हतं. त्या तीन तारांपाशी येऊन रामरावाच्या म्हशी वळायच्या. गावचा रस्ता त्या तारांपाशी वळायचा. एका तारेचं कुंपण म्हणजे शेळ्यांना बोलावणं. केशरबाई म्हणाली, "आधी पाहून घ्या हो. कुंपनबी जाईन अना भुंगाबी राहीन." हसं व्हायला आता तेवढंच उरलं होतं.

"सुंदरे," बुधाजी म्हणाला, "उठन का मोटार?"

ती पुन्हा फळीपाशी बसली. मोटारीचा स्वतःचा रोध, एकशे दहा भागिले वीस, साडेपाच. तार दोन झाली तर दोन्ही मिळून साडेसात. दोनशे तीस भागिले साडेसात, तीस आणि वर थोडं. त्याला साडेपाचनं गुणलं. कोळसा बोटात मोडला. दुसरा घेतला.

"एकशे अडुसष्ट व्होल्ट भेटते मोटारीले. चाचा म्हंते दीडशेच्या वर पायजे."

"हे पक्कं?"

"हिशोब पक्का."

"म्या हिशोबाले नाई इचारत. तुले इचारून राह्यलो. एकदा उतरवलेलं कुंपन ह्या जन्मात माह्यानं पुन्हा चढत नाई. उतरवू?"

शाळेत उत्तर चुकलं तर गुण जायचे. इथे उत्तराच्या एका बाजूला तीनशे झाडं होती आणि दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचं कुंपण.

"उतरवा," ती म्हणाली.

मग दोन दिवस त्या पट्टीत जे काम चाललं ते पाहायला गाव पुन्हा जमलं. बासष्ट वर्षांचा बुधाजी धोतराचा काचा मारून खांबावर चढला. शिडी नाही, कमरेला दोराचा एक वेढा, पायाच्या तळव्यांनी खांब धरून. वर गेला की तो म्हातारा राहायचा नाही. खालून मोतीराम तार ताणून द्यायचा, वर बुधाजी ती कपाला बांधायचा, जुनीच्या अंगाला अंग लावून. गंजलेला भाग सुंदरा विटेच्या तुकड्यानं घासून पांढरा करायची. सांधा पांढऱ्याला पांढराच बसला पाहिजे, असं त्यानं बजावलं होतं. सांधे त्यानं असे वळले, की दोन्ही टोकं एकमेकांभोवती आठ-आठ वेढे घेऊन निजली. काम चालू असताना वीज येऊ नये म्हणून केशरबाईनं मीटरच्या खोलीतला फ्यूज काढून पदराच्या गाठीला बांधला होता. देवीदासनं दोनदा मागितला. "काम झाल्याबिगर देत नाई," ती म्हणाली. "माहा माणूस वर हाये."

दुपारी सगळे थकून झाडाखाली पडायचे. वाळक्या पानांतून ऊन अंगावर यायचं. सुंदराला डोळा लागायचा आणि पाणी दिसायचं; तारेवरून चालत येणारं पाणी, चिनी कपाकपावर थांबत, विसावा घेत. जागी झाली की तळहात लोखंडाच्या वासानं भरलेले असायचे.

नवव्या दिवशी सकाळी शेवटचा सांधा बसला. केशरबाईनं पदराची गाठ सोडली. रामराव आला होता, गयासुद्दीनही सायकलवरून आला होता, आपली घड्याळं नेण्याच्या निमित्तानं. गूळ-खोबरं यावेळी आणलंच नव्हतं.

मोतीरामनं बटण ओढलं.

हूंऽऽ.

"एक," केशरबाई म्हणाली. "दोन. तीन."

सुंदरानं डोळे मिटून घेतले. चारला आवाज बदलला. गयासुद्दीननं तो आधी ऐकला. त्यानं नुसता हात वर केला. हूंचा घरघराट झाला, घरघराटाचा सूर चढत गेला, पट्टा फडफडला, आणि पाइपानं आधी हवा ओकली, मग लाल गढूळ पाणी, मग पाणी. केशरबाई मोजतच होती. अठरापर्यंत मोजलं तिनं.

"उठतानी एकशे पासष्टावर होता काटा," देवीदास म्हणाला. त्याच्या तोंडावरचा आंबटपणा यावेळी गेला होता. "बाई, तुमचे तीन व्होल्ट कमी पडले."

"माह्या सांध्यात गेले असतीन," बुधाजी म्हणाला. "हात आता पयल्यासारखे राह्यले नाई."

दांडातून पाणी पुढे सरकत होतं, कोरड्या मातीवर फेस धरत, भेगांत शिरत. पहिल्या झाडाच्या आळ्याशी आल्यावर ते थांबलं आणि खाली खाली गेलं. बुधाजी तिथे उकिडवा बसला. झाड पाणी पिताना माती चुरचुरते, तो आवाज तो ऐकत होता. रामराव त्याच्यामागे उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं वाकून त्याच पाण्याची ओंजळ भरली, तोंडावर मारली, आणि दुसरी ओंजळ प्याला. कोणाकडे न पाहता घराकडे गेला. केशरबाईनं ते पाहिलं. संध्याकाळी तिनं कोणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ते तिचं एकटीचं राहिलं नसतं.

ताण जास्त झालेली बावीस झाडं गेली. बाकीची विसाव्या दिवशी फुटली. आधी मिरीएवढ्या पांढऱ्या कळ्या, आणि एका सकाळी सगळा बगीचा पांढरा. वासानं डोकं जड व्हायचं. गावात कुठेही असलं तरी कळायचं, वारा नाल्याकडून आहे. मधमाशा इतक्या आल्या की मोटार बंद असली तरी चालू वाटायची. कुंपण आता नावापुरतंच होतं, तेव्हा बाजाराला जाणाऱ्या बाया रस्ता सोडून झाडांमधून जायला लागल्या. आधी विचारून, मग न विचारता. शेळ्याही यायच्या. बुधाजी दिवसभर काठी घेऊन बांधावर बसायचा. शेळ्यांना हाकलायचा, बायांना नाही.

असंच एका दुपारी सुंदरा त्याची भाकर घेऊन आली. मोटार चालू होती. झाडाखाली सावलीतही पांढरं पडलं होतं, पाकळ्यांचं. बुधाजी वर तारांकडे पाहत होता.

"सुंदरे, आताबी पिते का वं तार?"

"पिते थोडी."

"किती?"

घड्याळं परत गेली होती, पण मोटार फिरायला लागली की नऊ अँपियर घेते, हे तिनं त्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. भाकर त्याच्या हातात देत तिनं मनातल्या मनात केलं. "नऊ दुने अठरा व्होल्ट. अठरा नवं एकशे बासष्ट वॉट. शंभराचा एक अना साठचा एक, असे दोन दिवे जळते म्हना ना."

"रोज?"

"मोटार चालू हाये तवरी."

तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला. भर उन्हात, फुलांच्या वर, नऊशे फुटांत कुठेतरी दोन दिवे जळत होते आणि कोणाला दिसत नव्हते. सुंदरालाही ते क्षणभर दिसल्यासारखे झाले.

"तांब्याची आनली तं बंद होतीन?" त्यानं विचारलं.

"लय कमी होतीन."

बुधाजीनं घास चावून खाल्ला, पाणी प्याला.

"राहू दे," तो म्हणाला. "उन्हात उभी हाये थे. तिलेबी तहान लागत असन."

मग रामरावाच्या शेळ्या आल्या, आणि तो काठी घेऊन उठला.